भुंडीचा उपास

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहते. त्यांनी एक पाल पाळली आहे. भिंतीवरची नव्हे, पिवळसर, ठिपक्याठिपक्यांची, विकत आणलेली, काचेच्या पेटीत वाळू आणि दिवा ठेवून सांभाळलेली. मध्यंतरी त्या पालीने अन्न सोडले. लिफ्टमध्ये भेटल्यावर त्या मुलीने मला हे इतक्या दबलेल्या आवाजात सांगितले, की त्यांच्या घरात कुणी वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले असावे असे मला क्षणभर वाटले. "काका, तुम्हाला हसू येईल," असेही ती म्हणाली. मला हसू आले नाही. मी घरी आलो, हातपाय धुतले आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिलो. पत्नीने दोनदा विचारले, तब्येत बरी आहे ना. तिला काय सांगणार? लहानपणी एका पालीने अन्न सोडले आणि त्यावरून मी माझ्या वडिलांचा कोण, हे ठरायची वेळ आली, असे पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगायचे नसते. ते लिहायचे असते.

आमचे घर नागपुरात, पाचपावलीच्या एका गल्लीत होते. पुढच्या खोलीत माग होता असे म्हणणे बरोबर होणार नाही. मागाभोवती जेवढी जागा उरली होती, तेवढ्यात आम्ही राहत होतो. माझे अंथरूण मागाच्या पायथ्याशी असे, आणि सकाळी मला आईच्या हाकेने नव्हे तर धोट्याच्या आवाजाने जाग येई. सुताची कांडी पोटात घेऊन ताण्यातून इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा म्हणजे आमच्या घराची नाडी होती. खट् आणि मग किंचित उशिराने खटाक्. बाबा नऊवारी लुगडी विणत. गल्लीत प्रत्येक घराचा आवाज वेगळा होता, आणि कुणाचा माग दुपारपर्यंत वाजला नाही तर शेजारीण दारातून विचारून जाई, "काहून वं, आज आवाज नाही?" आमच्या चुलीवर रोज दोन पातेली चढत, एक मागाचे आणि एक माणसांचे. मागाचे पातेले म्हणजे खळ. तांदळाच्या पिठाची आंबूस, पांढरी, चिकट पेज, जी सुताला पाजली की सूत ताठ आणि गुळगुळीत होते. तिला बुरशी धरू नये म्हणून बाबा तिच्यात चिमूटभर मोरचूद, ते निळे विष, टाकत आणि दर वेळी न चुकता म्हणत, "इख हाय. हात धुवा." मग आई दुसरे पातेले चढवी. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, रविवारी काळ्या मसाल्याचे मटण, ज्याच्या तिखटाने नाक वाहू लागले की बाबा समाधानाने मान हलवीत. आमच्या घरात आनंद व्यक्त करण्याची तीच एक मान्य रीत होती.

बाबा फार बोलत नसत. माझा शाळेचा निकाल त्यांना दाखवला, की ते धोटा न थांबवता एका नजरेने तो वाचत आणि म्हणत, "बरं हाय." त्या दोन शब्दांसाठी मी वर्षभर अभ्यास करी. मागावर मात्र माझा हात कधी बसलाच नाही. मी विणलेला काठ नदीसारखा वळत जाई. बाबा रागावत नसत. मी उठलो की ते शांतपणे माझ्या जागी बसत, मी विणलेले चार बोटे कापड धागा धागा उसवत आणि पुन्हा विणत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

अशा घरात भास्कर आला. खापा गावच्या माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून एका वर्षाने मोठा, उंच, मोठाल्या हातांचा. पुढच्या शिक्षणासाठी तो आमच्याकडे राहणार होता. त्याची शाळा सकाळची होती आणि माझी दुपारची. त्यामुळे मी दप्तर उचलून निघालो की तो घरी येई आणि माझ्या वाटणीची दुपार त्याला मिळे. त्या दुपारी काय घडते हे मला कधीच कळत नसे, आणि न कळण्याचा त्रास किती मोठा असू शकतो हे मी त्या वर्षी शिकलो. एक दिवस शाळेतून परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच मला आमच्या मागाचा आवाज ऐकू आला, आणि तो बाबांचा नव्हता. जरा घाईचा, पण चुकत नसलेला. आत बाबा भिंतीला टेकून चहा पीत होते आणि त्यांच्या जागेवर भास्कर बसला होता. त्याचा काठ सरळ होता. बाबांनी तो उसवला नाही.

मला माग हवा होता का? नाही. मला कारकून व्हायचे होते, टेबलाशी बसायचे होते, आणि पुढे मी तसा झालोही. पण जे मला नको होते तेच त्याला मिळू नये, असे मला वाटू लागले. मत्सराची ही जात मला आता चांगली ओळखू येते. तिला वस्तू नको असते, फक्त दुसऱ्याचे हात रिकामे हवे असतात.

आणि मग ती पाल. मागावरच्या ट्यूबलाइटपाशी संध्याकाळी एक पाल येत असे. तिची शेपटी कधीतरी मांजरीने तोडलेली होती आणि तिच्या जागी एक आखूड बोंड उगवले होते, म्हणून भास्करने तिचे नाव भुंडी ठेवले. भास्कर दिव्याभोवतीची पाखरे चिमटीत धरून तिच्यासमोर नेई. आधी ती पळे, मग थबकू लागली, आणि काही आठवड्यांत ती चक्क भिंतीवरून उतरून त्याच्या बोटांतले पाखरू टिपू लागली. एकदा ती त्याच्या बाहीवर चढली. आई किंचाळली, "अरे झटक, अंगावर पाल चढली तं आंघोळ करा लागते!" भास्कर हसला. "मामी, मग मले रोज दोनदा आंघोळ करा लागन." आणि मी पाहिले की माग थांबला होता. बाबा धोटा हातात धरून, मान वर करून, लहान मुलासारखे त्या बाहीकडे पाहत होते. माझ्या निकालासाठी जो धोटा कधी थांबला नव्हता, तो एका भुंड्या पालीसाठी थांबला होता. त्या दिवसापासून मी संध्याकाळी पाठ फिरवून अभ्यासाला बसू लागलो; पण माग थांबला की मला पाठीतून कळे.

आमच्या घरात एक रिवाज होता. कुणी काही बोलले आणि त्याच क्षणी पाल चुकचुकली, तर बोललेले खरे ठरते. आई लगेच बोटांची पेरे जमिनीवर टकटक आपटी आणि म्हणे, "सत्य हाय वं बाई, सत्य हाय." भाजी आळणी झाल्यापासून पाहुणे येण्यापर्यंत सगळ्यावर पालीची साक्ष चाले. एका संध्याकाळी जेवता जेवता बाबांनी भास्करकडे पाहिले आणि कुणी विचारले नसताना म्हणाले, "माह्यामागं माग हाच पोट्टा चालवन." वरून भुंडी चुकचुकली. स्वच्छ, तीनदा. आईचा भाकरी मोडणारा हात थांबला, आणि सवयीने तिची पेरे जमिनीवर टेकली. पण टेकताना तिने माझ्याकडे पाहिले, आणि "सत्य हाय" हे शब्द ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. भास्कर लाजून खाली पाहत होता. मी पाणी मागितले. त्या घरात माझ्याविषयी काही ठरले तर ते असे, मला न विचारता, एका पालीच्या साक्षीने.

श्रावण संपत आला तेव्हा भुंडीने खाणे सोडले. भास्कर पाखरू पुढे करी, ती डोळा चाटून तोंड फिरवी. आईने थट्टा केली, "सरावण पाळून राहिली असन. सोमवार धरला बाईनं." पण सोमवार गेला, मंगळवार गेला, आणि ती दिव्यापाशीही येईनाशी झाली. कॅलेंडरच्या मागे सुस्त पडलेली ती भास्करला सापडली. मुंग्या लागतील, मांजर नेईल, या भीतीने त्याने तिला लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवले आणि तोंडाला लुगड्याचे फडके बांधले. त्याच सुमारास पोळा आला. पोळ्याला खाप्याच्या घरी जाणे त्याला भाग होते. निघताना त्याने बरणी माझ्या हातात दिली.

"मनू, तू पाहजो गा हिच्याकडं."

"मीच काहून?"

"मग कोणाले सांगू? मामा कामात. मामीले किळस येते." त्याने बरणीच्या काचेवर बोट वाजवले. "मेली तं मले सांगजो. लपवजो नको."

त्याला माझ्यावर विश्वास होता, आणि हे मला सर्वांत असह्य झाले.

माझ्या मनात तेव्हा काय होते हे मी आज प्रामाणिकपणे सांगण्याचा प्रयत्न करतो. ती मरावी असे मला वाटले का? वाटले असेल, एखाद्या क्षणी नक्की वाटले असेल. पण त्याहून मोठी इच्छा वेगळी होती. तिने माझ्या हातून खावे. भास्कर नसताना, फक्त माझ्या हातून. आणि बाबांनी ते पाहावे. मी गल्लीतल्या खांबाखाली उभा राहून पाखरे पकडली. पंख न चुरगळता पाखरू चिमटीत धरायचे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखे असते, आणि माझ्या हातांना ते येत नव्हते. डास आणले, न्हाणीतले झुरळ आणले, केळ्याचा गर आणला. आई म्हणाली, "लेका, माह्या दुखण्यात कधी एवढा पाय नाही हलवला तू." मी बरणीत हात घालून, श्वास रोखून, कितीतरी वेळ तसाच बसे. भुंडी माझ्या बोटाकडे पाही. पालीच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे ती आपल्याला तुच्छ लेखते आहे की तिला आपण दिसतच नाही, हे ठरवता येत नाही. मी हळू आवाजात तिला म्हणत असे, "खा नं वं. त्याच्या हातचं खात होती, माह्या हातात काय हाय?" आज हे आठवताना मान खाली जाते. ते शब्द मी पालीला विचारत नव्हतो.

पोळ्याच्या सकाळी मी बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि मला तिच्या पोटात दोन पांढरे गोळे दिसले. पोटाची कातडी इतकी पातळ, की ते आतून दिवा लावल्यासारखे स्पष्ट दिसत होते. मी आईला हाक मारली. आई पुरणाच्या हातांनीच आली, दोन हात दूर उभी राहिली, आणि डोळे बारीक करून तिने निकाल दिला.

"खळ हाय थे. खळीच्या गोळ्या. कोरड्या होऊन बसल्या पोटात." मग तिचा आवाज बदलला. "मोरचूद असते त्यात. हिले खळ कोणं देल्ली?"

विणकराच्या घरात पोटात पांढरे दिसले तर ते खळच असणार. आम्हा कुणालाही दुसरे काही सुचले नाही. बाबा मागावरून उठून आले. त्यांनी बरणी हातात घेतली, वळवली, पुन्हा वळवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. ते काढून घेणे मी जन्मात विसरणार नाही. माझ्या मनात जे जे आले होते ते त्यांना कापडातल्या गाठीसारखे दिसले, असे मला वाटले.

"मी नाई देल्ली," मी म्हणालो.

कुणी मला विचारले नव्हते.  आणि मला कळले की आम्ही तिघेही नकळत बरणीकडे पाहत आहोत. आईची पेरे तर चुलीच्या ओट्याला टेकलीच होती. भुंडीने एकदा, एकदाच, आवाज केला असता तर मी सुटलो असतो. ती गप्प राहिली. आईने हात पदराला पुसला आणि ती पुरणाकडे परत गेली.

बाबा म्हणाले, "एरंडेल आण." आमच्याकडे पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर एरंडेल हाच उपाय होता, आणि तो माणूस, वासरू, पाल असा भेद करीत नसे. मी भुंडीला फडक्यात धरले, बाबांनी कापसाची वात तेलात बुडवून तिच्या तोंडाला लावली. ती तोंड उघडेना. तेल तिच्या डोळ्यात गेले, तिने जीभ काढून ते चाटले, आणि तेवढेच तिच्या पोटात गेले असावे. वात बाबांच्या बोटांतून दोनदा निसटली होती. केसासारखे सूत न तोडता गाठ मारणाऱ्या बोटांतून. मला वाटले, माझ्या जवळ बसावे लागल्यामुळे निसटते आहे.  

दुसऱ्या दिवशी मारबत होती. ज्यांनी नागपूर पाहिले नाही त्यांना एवढेच सांगतो, की त्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे प्रचंड पुतळे गल्ल्यांमधून नेतात आणि जमलेले लोक आपल्या घरातले, गावातले जे काही वाईट असेल ते तिच्या ओटीत टाकतात. खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. आई शेजारणींबरोबर पाहायला गेली. मी बरणीपाशी थांबलो. माग बंद होता, आणि सगळी गल्ली इतवारीकडे लोटल्यामुळे कुठलाच माग वाजत नव्हता. बाबा मागाखालच्या, विणताना पाय ठेवायच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. दुरून ढोल आणि आरोळ्या ऐकू येत होत्या.

"मनू," ते म्हणाले.

मी उभा राहिलो. मार बसेल तर उभे असलेले बरे.

"बस गा." ते आपल्या बोटाकडे पाहत होते. "थे खळ... मीच देत होतो."

मला कळेना.

"दुपारी. तू शाळेत, तुही आई भांड्यात. मी बोटाले लावून तिच्यासमोर धरो. म्हटलं, माह्याकडं यीन." ते थांबले. "आली नाही कधी. चाटून जाय अन् पळे. भास्करच्या कशी बाहीवर चढते."

"बाबा, मोरचूद..."

"ध्यानातच नाही राह्यलं." ज्या माणसाने आम्हाला रोज हात धुवायला लावले, तो हे म्हणत होता. "पाखरू मले पकडता येत नाही. डोळे कुठं राह्यले?" आणि मग, माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहून, "भास्करले नको सांगू. लेकरू काय म्हणन."

ढोल जवळ आले, गल्लीच्या टोकावरून वळले आणि दूर गेले. मी आनंदाने भरून गेलो होतो. हे लिहिताना माझा हात अडतो, पण तसेच होते. एक जीव विषाने मरतो आहे असे मला वाटत होते, माझा बाप माझ्यासमोर ओशाळून बसला होता, आणि मला आनंद झाला होता. कारण बाबांनाही भास्करचा मत्सर वाटला होता. सरळ काठ विणणारे त्यांचे हात मला मिळाले नव्हते, पण हे मिळाले होते. ते आमचे दोघांचे होते, आणि त्यात भास्करला जागा नव्हती.  मी त्यांच्या शेजारी खड्ड्यात पाय सोडून बसलो.

भास्कर परतला तो पिशवी खाली न ठेवताच बरणीकडे गेला. आईने त्याला पोटातले पांढरे गोळे दाखवले, खळीचे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्याने सावकाश मान वळवली. बाबा मागावर होते, खट्, खटाक्, आणि मी दारात उभा होतो.

"कोणं देल्ली?" त्याने विचारले.

"मी," मी म्हणालो.

आईने "अगं माय" म्हणून तोंडावर हात ठेवला. मी बाबांकडे पाहिले नाही, पण मी पाठीने ऐकत होतो. माग थांबला नाही. एक ठोका किंचित उशिरा पडला, बस. पुष्कळ वर्षे मी स्वतःला समजावत आलो, की ते मी पितृप्रेमाने केले. कथा-कीर्तनात असे मुलगे असतात. पण खरे कारण असे, की मला बाबांना आपल्याकडे बांधून ठेवायचे होते. ते गुपित हे माझे लुगडे होते, आणि त्याला मला सरळ काठ लावायचा होता. त्यासाठी भास्करच्या डोळ्यांतून उतरणे हा मला सौदा वाटला, तोही स्वस्तातला.

भास्कर माझ्यावर ओरडला नाही. तो जवळ आला, म्हणाला, "तुले माहीत नसन गा. होते असं," आणि त्याने मला क्षमा केली. तिथेच, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या क्षमेखाली उभे राहणे किती जड असते! न केलेल्या अपराधाची क्षमा तर अधिकच, कारण ती परतही करता येत नाही.

पुढे काही दिवसांनी सकाळी बरणीजवळ झाडू मारणाऱ्या आईचा असा ओरडा आला, की शेजारीण धावली. बरणीच्या काचेला, बुडाशी, दोन शुभ्र अंडी चिकटलेली होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. भुंडी शेजारी पडली होती, पोट खपाटीला गेलेले, आणि डोळे चाटत होती.

"पोटुशी होती वं माय!" आई हसत रडत होती. "अन् तुमी पोटुशीले एरंडेल पाजलं! डोहाळे लागले तं कोण खाते? मले मनूच्या वेळेस भाकरीचा वास चालत नव्हता, अन् हिच्यामागं तुमी झुरळं घेऊन धावले!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतके हसताना मी त्यांना त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यांच्या हसण्यात जी सुटका होती तिचे कारण त्या खोलीत एकट्या मला माहीत होते. हेही मी कंजुषासारखे मोजून ठेवले. खळीने कुणी मरत नव्हते. कुणाचाच अपराध उरला नव्हता. पण माझे "मी" उरले होते, आणि ते परत घ्यायचे तर बाबांचे नाव घ्यावे लागले असते. मी पकडून ठेवलेले एक पाखरू काडेपेटीत होते. ते भास्करने चिमटीत धरले आणि भुंडीने ते झडप घालून टिपले. त्याच्या हातून. बाबा मान वर करून पाहत होते.

माग भास्करलाच गेला. बाबांनंतर तो उचलून खाप्याला नेला त्याने, आणि कन्हानच्या काठच्या त्या गावात अजूनही वर्षातून काही महिने तो वाजतो. मी नोकरी केली, निवृत्तीच्या जवळ आलो. आम्ही भेटतो, लग्नाकार्यात जेवतो, एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतो. पण त्या दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. लिफ्टमधल्या त्या संभाषणानंतर मला राहवले नाही. मी बस धरली आणि खाप्याला गेलो. भास्कर ओसरीत बसला होता, गुडघ्यांना पट्टे बांधून. चहा झाल्यावर मी म्हणालो, "भास्कर, भुंडीला खळ मी दिली नव्हती."

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"अरे, मी घरीच असो नं दुपारी. कोपऱ्यात पडून सोंग घेत होतो झोपेचं. मामा बोटाले खळ लावून भिंतीशी उभे राहत. मी डोळे किलकिले करून पाहो." तो हसला. "मले हसू आवरत नसे. मोरचुदाचं माह्याबी ध्यानात नाही आलं."

"मग त्या दिवशी विचारलं काहून, कोणं दिली म्हणून?"

 अंगणात कोंबडी माती उकरत होती. "मले वाटलं, तू मामाचं नाव घेशीन. तू नाई घेतलं. मामाबी गप्प राह्यले. तवा समजलं, मी कितीबी सरळ विणलं तरी त्या घरात तुमी दोघं हा, अन् मी पाहुणा हाव." तो चहाचा रिकामा पेला फिरवत राहिला. "लय जळलो गा मी तुह्यावर."

असे ऐकल्यावर माणसाचे ओझे उतरायला हवे. इतकी वर्षे ज्याच्यावर आपण जळत होतो तो आपल्यावर जळत होता, हे ऐकून दोघांनी हसायला हवे, आणि आम्ही हसलोही. पण माझे सगळे आत्मपरीक्षण, सगळी ही सभ्य भाषा बाजूला ठेवून सांगतो, की मला सर्वांत आधी जे वाटले ते हसू नव्हते. मला वाटले, बाबांचे ते गुपित माझ्याआधी याच्याकडे होते. मला तर ते नुसते सांगितले गेले. याने ते डोळ्यांनी पाहिले होते. दुपारच्या वेळी, कुणी बघत नाही असे समजून, एका पालीने आपल्याकडे यावे म्हणून भिंतीशी उभा असलेला माझा बाप.

"कसे उभे राहत होते?" मी विचारले.

"म्हणजे?"

"दाखव."

भास्करने माझ्याकडे पाहिले. मग तो खांबाला धरून, गुडघे सावरत उठला, ओसरीच्या भिंतीशी गेला, आणि टाचा किंचित उचलून त्याने उजव्या हाताचे एक बोट वर धरले. दुसरा हात पाठीमागे. मान थोडी कललेली, ओठ अर्धवट उघडे, जणू काही गोड बोलणार आहे. त्याचे गुडघे दुखत असणार. तरी मी त्याला बस म्हणालो नाही.